अँडीजची भिंत आणि आभाळातली नदी

फोनवर नकाशा उघडा. रस्ते दाखवणारा नको, उपग्रहावरून टिपलेल्या चित्रांचा. आता भारतावरून बोट सरकवत दक्षिण अमेरिकेवर या आणि पश्चिम किनाऱ्यावर चिली देशातलं अरिका हे शहर शोधा. पुणे विषुववृत्ताच्या जितकं उत्तरेला आहे, जवळपास तितकंच अरिका दक्षिणेला आहे. शिवाय समुद्र अगदी दारात. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. अरिकात सरासरी एक मिलिमीटरही पडत नाही. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ असे सलग १७३ महिने तिथे पाऊस पडल्याची नोंदच नाही, आणि हा जगातला विक्रम आहे. त्या काळात अरिकात जन्मलेलं पोर चौदा वर्षांचं झालं, तरी पाऊस म्हणजे काय हे त्याला मोठ्या माणसांकडून ऐकूनच कळलं असेल.

बोट उचलू नका. तिथूनच सरळ पूर्वेकडे ओढत न्या. आधी कोरडा, तपकिरी उतार लागेल. मग बर्फाची टोपी घातलेली ज्वालामुखींची शिखरं, मग बोलिव्हियाचं उंच, रखरखीत पठार. जरा खालच्या बाजूला एक भलामोठा पांढरा डाग दिसेल. तो बर्फ नाही, मीठ आहे. उयुनी नावाचं हे मिठागर दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. आणखी पुढे गेलात की डोंगर एकदम संपतात आणि हिरवं सुरू होतं. पुढे पांतानाल ही अफाट पाणथळ जमीन, मग ब्राझीलचं पठार, आणि शेवटी अटलांटिकचा हिरवा किनारा. तुम्ही ना उत्तरेला सरकलात ना दक्षिणेला. सूर्य सगळीकडे सारखाच तळपतो. तरीही एका टोकाला जगातलं सर्वांत कोरडं गाव आणि दुसऱ्या टोकाला ओलीचिंब झाडी.

शाळेच्या भूगोलावर माझा एक जुना राग आहे. खंड शिकवताना पर्वतांचा धडा वेगळा, नद्यांचा वेगळा, हवामानाचा वेगळा आणि वनस्पतींचा त्याहून वेगळा. दक्षिण अमेरिकेच्या वाट्याला तर सगळे ‘सर्वांत’ आले: सर्वांत लांब पर्वतरांग, सर्वांत कोरडं वाळवंट, सर्वांत मोठं वर्षावन, सर्वांत जास्त पाणी वाहून नेणारी नदी. परीक्षेत हे सगळं रिकाम्या जागेत भरायचं आणि विसरून जायचं. पण या चार गोष्टी चार नाहीतच. ती एकाच यंत्राची चाकं आहेत, एकात एक अडकलेली.

पहिलं चाक म्हणजे भिंत. अँडीजची रांग उत्तरेला व्हेनेझुएलापासून दक्षिणेला खंडाच्या शेपटापर्यंत सुमारे ७,००० किलोमीटर पसरली आहे. आपला हिमालय साधारण २,४०० किलोमीटरचा. उंचीत हिमालय वरचढ आहेच, पण अँडीजही काही कमी नाही. अर्जेंटिनातलं अकाँकाग्वा शिखर ६,९६१ मीटर उंच आहे आणि आशियाबाहेर इतकं उंच शिखर दुसरं नाही. पॅसिफिक महासागराच्या तळाचा नाझ्का नावाचा भूपट्ट या खंडाखाली सतत घुसतो आहे, त्या रेट्याने ही भिंत उभी राहिली. घुसणं अजून थांबलेलं नाही. २२ मे १९६० रोजी चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. यंत्रांनी मोजलेला हा आजवरचा सर्वांत मोठा भूकंप. त्याने उठवलेल्या लाटांनी पॅसिफिक ओलांडून पार जपानमध्ये माणसं मारली.

दुसरं चाक वारा. भिंत नुसती उभी असून काही होत नाही, वारा कुठून येतो यावर सगळं ठरतं. हे मराठी माणसाला फार समजावून सांगायला नको. नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीवर आपटतो, महाबळेश्वरात साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओततो, आणि पलीकडे उतरताना त्याच्या झोळीत फारसं काही उरत नाही. माणदेश कोरडा राहतो तो त्यामुळेच. अँडीजचंही असंच आहे, फक्त खंडाच्या उष्ण भागात वारा उलट्या बाजूने येतो. तिथले व्यापारी वारे अटलांटिकवरून म्हणजे पूर्वेकडून येतात. म्हणून भिंतीची पूर्वेची बाजू भिजते आणि पश्चिमेची वाळते.

आता बोट दक्षिणेकडे आणा, चिलीतल्या वाल्दिव्हिया शहरापर्यंत. इथे चित्र पालटलेलं दिसेल. समुद्राकडची पश्चिम बाजू हिरवीगार आणि पूर्वेची, अर्जेंटिनाकडची बाजू भुरकट. नकाशा उलटा छापला की काय असं वाटावं! भिंत तीच आहे. पण साधारण ३५ अंशांच्या दक्षिणेला वारे पश्चिमेकडून वाहतात. त्यामुळे वाल्दिव्हियाच्या परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या थंड, ओल्या वर्षावनात आलेर्से जातीचे वृक्ष वाढतात, आणि त्यातल्या एकाच्या खोडात साडेतीन हजारांहून जास्त वर्षांची वलयं मोजली गेली आहेत. डोंगर ओलांडला की पातागोनिया. खुरटी झुडपं, मेंढ्या, आणि कधीच न थांबणारा वारा. कित्येक ठिकाणी वर्षाला दोनशे मिलिमीटर पाऊसही मिळत नाही. एकच पर्वत उत्तरेत पश्चिमेला वाळवंट करतो आणि दक्षिणेत पूर्वेला. भूगोलाचा इतका स्वच्छ प्रयोग पृथ्वीवर दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो.

पण नुसत्या भिंतीने अरिकासारखा कोरडेपणा येत नाही. तिथे तिसऱ्या चाकाचं काम आहे, समुद्राचं. अंटार्क्टिकाच्या बाजूने येणारा थंड पाण्याचा प्रवाह चिली आणि पेरूच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे जातो. त्याला हंबोल्ट प्रवाह म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट याने १८०२ मध्ये त्याचं तापमान मोजलं म्हणून त्याचं नाव लागलं. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना तो कितीतरी पिढ्या आधीपासून माहीत होता, पण नकाशावर कोळ्यांची नावं कोण घालतं? थंड पाण्यावरची हवा थंड आणि जड होते. ती वर चढत नाही. हवा वर चढलीच नाही तर ढग उंच बांधले जात नाहीत, आणि पाऊस येत नाही. येतं ते नुसतं धुकं. पेरूची राजधानी लिमा हे कोटीभर वस्तीचं शहर. तिथे हिवाळाभर आभाळ पांढुरकं, कपडे दमट, आणि तरीही खरा पाऊस नाही. चिलीत या धुक्याला ‘कमांचाका’ म्हणतात. किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर खांब रोवून त्यांना बारीक जाळ्या बांधायच्या. धुकं जाळीत अडकतं, थेंब होऊन पन्हळीत उतरतं, आणि तेच पाणी खालच्या वस्तीला मिळतं.

या कोरडेपणाचा एक तुकडा तुमच्या हातातही असू शकतो. चिली, अर्जेंटिना आणि बोलिव्हियाच्या मिठागरांखालच्या खाऱ्या पाण्यात लिथियम आहे. ते पाणी उघड्या कुंडांत महिनोन्‌महिने उन्हात आटवलं की लिथियम गोळा करता येतं. मध्येच पाऊस पडत असता तर हे जमलंच नसतं. फोनच्या बॅटरीत लागतं ते हेच. भारत सरकारच्या खनिज बिदेश इंडिया लिमिटेडने २०२४ च्या जानेवारीत अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांतात लिथियम शोधण्याचा करार केला, तोही याच पट्ट्यात.

हंबोल्ट प्रवाह जमिनीला कोरडं ठेवतो, पण समुद्राला मात्र जेवू घालतो. खोलातलं थंड पाणी वर येताना तळाची पोषक द्रव्यं घेऊन येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांच्यावर अँचोव्ही नावाच्या बोटभर माशांचे थवे. पण दर काही वर्षांनी पॅसिफिकचे वारे मंदावतात, कोमट पाणी पेरूच्या किनाऱ्याकडे सरकतं आणि खालचं थंड पाणी वर येणं थांबतं. हे बहुधा नाताळच्या सुमारास जाणवतं, म्हणून पेरूच्या कोळ्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं: एल निनो.

१९७२ साली असाच मोठा एल निनो आला. पेरूचे कोळी १९७० मध्ये सव्वा कोटी टनांच्या आसपास अँचोव्ही पकडत होते. १९७३ मध्ये हा आकडा वीस लाख टनांच्याही खाली गेला. आधी जाळ्यांनी हावरटपणा केला होताच, उरलेलं काम कोमट पाण्याने केलं. आणि १९७२ हे साल मराठी घरांत वेगळं सांगायला हवं का? ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटलं की आजी-आजोबांना खडी फोडणं, सुकडी, तांबडी मिलो ज्वारी आणि चाऱ्यावाचून दावणीला मेलेली जनावरं आठवतात. पेरूत मासा नाही आणि मराठवाड्यात पाऊस नाही, या दोन्हींच्या मागे पॅसिफिकच्या त्याच पाण्याचा हात होता.

पॅसिफिकवरच्या हवेच्या दाबाचा आणि आपल्या मोसमी पावसाचा संबंध पहिल्यांदा भारतातच शोधला गेला. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ या काळात सिमल्याच्या कचेरीत बसून जगभरातले हवामानाचे आकडे ताडून पाहत होते. पॅसिफिकच्या एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला तो उतरतो, हा झोका त्यांनी ओळखला. पुढे १९२८ मध्ये ही कचेरी पुण्याला आली. पुण्यातली जुनी माणसं त्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, असं मात्र नाही. १९९७ चा एल निनो अतिशय जबर होता, तरी आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला. २०२३ मध्ये मात्र १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट आपण पाहिला.

आता भिंतीवर चढू या. हंबोल्टने १८०२ मध्ये एक्वाडोरमधल्या चिंबोराझो पर्वतावर चढाई केली. शिखर ६,२६३ मीटरचं. तो सुमारे ५,९०० मीटरपर्यंत पोचला आणि मध्ये दरी आडवी आल्याने परतला. पण चढताना त्याने एक गोष्ट बारकाईने टिपली: दर काहीशे मीटरला झाडं बदलतात. पायथ्याशी ताड आणि केळी, वर ओकसारखे वृक्ष, त्याच्या वर झुडपं, मग गवत, मग शेवाळ, मग नुसता दगड आणि बर्फ. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत हजारो किलोमीटर चालताना जे बदल दिसतील, ते एकाच डोंगराच्या उतारावर एकावर एक रचलेले होते. त्याने पर्वताचा उभा छेद काढून प्रत्येक वनस्पतीचं नाव तिच्या उंचीवर लिहिलं. हवामान, उंची आणि वनस्पती एकत्र पाहायची रीत त्या चित्राने रुळवली. आज आपण ज्याला बायोम किंवा जीवसंहती म्हणतो, त्या कल्पनेची एक वाट तिथून निघते.

अँडीजमधली माणसं हे न लिहिता जगत होती. एकाच गावाची शेतं वेगवेगळ्या उंचीवर असत: खालच्या गरम दरीत मका आणि मिरची, मधल्या थंड उतारावर बटाटा, आणि त्याहून वर जिथे काहीच पिकत नाही तिथे लामा आणि अल्पाका चरायला. बटाटा टिकवायची त्यांची युक्ती तर लाजवाब आहे. कडाक्याच्या थंडीत तो रात्री उघड्यावर पसरायचा, गोठू द्यायचा. दिवसा ऊन लागून तो मऊ झाला की पायांनी तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की हलका, खडखडीत ‘चुन्यो’ तयार होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या बायका चैत्र-वैशाखाच्या उन्हात गच्चीवर बटाट्याचा कीस वाळवतात, तसंच हे. फक्त तिथे निम्मं काम थंडी करते.

आता उपवासाच्या ताटाकडे पाहा. बटाटा अँडीजचा. शेंगदाण्याचं मूळ बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या पायथ्याच्या भागात. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा अ‍ॅमेझॉनच्या दक्षिण कडेचा. आपल्याकडे त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या आसपास एकवटले आहेत. मिरचीचं जंगली कुळही याच खंडातलं. पोर्तुगीज जहाजं येण्याआधी एकादशीला नेमकं काय खात असतील, यावर घरात वाद घालायला हरकत नाही.

भिंतीवरून पूर्वेला पाणी उतरतं आणि तिथे अ‍ॅमेझॉन सुरू होते. तिचा सर्वांत दूरचा उगम पेरूच्या डोंगरात, पॅसिफिकपासून दोनशे किलोमीटरच्याही आत. पण भिंतीमुळे तिला जवळच्या समुद्राकडे जाता येत नाही. ती उलट दिशेने सुमारे ६,४०० किलोमीटर वाहून अटलांटिकला मिळते. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, आणि तरी १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. अ‍ॅमेझॉनचंही दुखणं तेच, फक्त पसारा प्रचंड. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात, त्याचा पाचवा-सहावा हिस्सा ही एकटी ओतते.

ती नेहमी पूर्वेलाच वाहत होती असं नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी, अँडीज अजून उंच झाला नव्हता तेव्हा, आजच्या पश्चिम अ‍ॅमेझॉनमध्ये तळ्यांचा आणि दलदलींचा अवाढव्य प्रदेश होता आणि तिथलं पाणी उत्तरेला कॅरिबियन समुद्राकडे जात असे. भिंत वर आली, जमीन कलली, डोंगराचा गाळ साचत गेला आणि साधारण कोटीभर वर्षांपूर्वी पाण्याने पूर्वेची वाट धरली. समुद्रातल्या पाकट माशांचे वंशज आजही या गोड्या पाण्यात राहतात, समुद्रापासून हजारो किलोमीटर आत.

नदीचा उतार इतका कमी आहे, की पेरूतलं इकितोस हे बंदर मुखापासून साडेतीन हजार किलोमीटरहून आत असूनही समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर उंच आहे. समुद्रातली जहाजं तिथपर्यंत जातात. पावसाळ्यात पाणी दहा-दहा मीटर चढतं आणि काठची जंगलं महिनोन्‌महिने बुडून राहतात. तेव्हा तांबाकी नावाचा मासा झाडांमध्ये पोहत खाली पडलेली फळं खातो, कठीण बिया दातांनी फोडतो, आणि काही बिया अखंड गिळून दूर नेऊन टाकतो. झाडाचं बी मासा पेरतो, हे मुलांना सांगून पाहा. त्यांना आधी खोटं वाटेल.

इथपर्यंतची चाकं पर्वत, वारा आणि समुद्र यांची होती. माणूस त्यांचं फार काही बिघडवू शकत नाही. चौथं चाक मात्र जिवंत आहे.

अटलांटिकवरून आलेला ओला वारा किनाऱ्यावर पाऊस पाडतो. नेहमीच्या हिशेबाने तो आत जाता जाता कोरडा पडायला हवा, आणि तीन हजार किलोमीटर आत वाळवंट नाही तरी माळरान हवं. प्रत्यक्षात अँडीजच्या पायथ्याशीही धो धो पाऊस पडतो. एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनचे वेगवेगळे प्रकार तपासून याचा उलगडा केला. पडलेल्या पावसातला मोठा भाग झाडं मुळांनी ओढतात आणि पानांतून वाफ करून पुन्हा हवेत सोडतात. तीच वाफ वाऱ्याबरोबर पुढे जाऊन पुन्हा पडते, पुन्हा उडते. अ‍ॅमेझॉनच्या पावसातला जवळपास निम्मा पाऊस असा जंगलानेच परत केलेला असतो. पाऊस पडतो म्हणून जंगल आहे, हे अर्धंच खरं. जंगल आहे म्हणून पाऊस पडतो, हे उरलेलं अर्धं.

ही वाफ पश्चिमेला जाऊन भिंतीवर आपटते. काही तिथेच बरसते. बाकीची भिंतीच्या कडेने दक्षिणेला वळते आणि बोलिव्हिया, पॅराग्वे, दक्षिण ब्राझील, उत्तर अर्जेंटिना इथल्या शेतांवर पाऊस होऊन उतरते. ब्राझीलमध्ये तिला ‘उडत्या नद्या’ म्हणतात. याचं मोल पाहायचं तर पुन्हा नकाशा घ्या आणि मकरवृत्ताची रेघ धरा. या पट्ट्यात आफ्रिकेत नामिब आणि कलाहारी आहेत, ऑस्ट्रेलियात मधलं लाल वाळवंट आहे, आणि याच खंडाच्या पश्चिम कडेला आटाकामा. पण त्याच रेघेवरचं साव पावलो हे दोन कोटी वस्तीचं महानगर हिरव्या प्रदेशात आहे. यात अटलांटिकचा वाटा आहेच, आणि आभाळातल्या नदीचाही आहे.

हे जंगल श्रीमंत जमिनीवर उभं आहे, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. लाखो वर्षांच्या पावसाने बहुतेक माती धुऊन निकस झाली आहे. खत म्हणावं असं जे काही आहे, ते झाडांच्या अंगातच आहे. पान गळतं, बुरशी ते कुजवते आणि मुळं लगेच शोषून घेतात. साठवण अशी नाहीच. त्यातूनही फॉस्फरस वाहून जातो, आणि त्याची भरपाई कुठून होते? सहारातून! आफ्रिकेतल्या चाडमधल्या एका आटलेल्या तलावाच्या तळाची धूळ वाऱ्यावर अटलांटिक ओलांडते. उपग्रहाच्या नोंदींवर बेतलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वर्षाला सरासरी पावणेतीन कोटी टन धूळ अ‍ॅमेझॉनवर पडते आणि तिच्यातून सुमारे २२,००० टन फॉस्फरस मिळतो. पावसाने वाहून जातो जवळपास तेवढाच.

म्हणून जंगल जाळलं की पहिली दोन-चार वर्षं राखेवर पीक येतं, आणि मग जमीन संपते. मग तिथे गवत आणि गुरं. अ‍ॅमेझॉनमधल्या तोडीमागे गुरांची कुरणं हे सर्वांत मोठं कारण आहे. ही गुरं कोणती? ब्राझीलमध्ये वीस कोटींहून जास्त गुरं आहेत आणि त्यातली बहुसंख्य भारतीय रक्ताची. युरोपातली गुरं त्या उकाड्यात आणि गोचिडांत तगत नव्हती, म्हणून एकोणिसाव्या शतकापासून आपल्याकडचे बैल आणि गाई जहाजांनी तिकडे गेल्या. आंध्रातली ओंगोल जात तिथे ‘नेलोरे’ झाली, सौराष्ट्राची गीर ‘जीर’ झाली, कांकरेज ‘गुझेरा’ झाली. वशिंडाचा पांढराशुभ्र बैल आपल्या पोळ्यात मिरवतो. तोच तिथे जंगल मागे सारून चरतो आहे. त्यात बैलाचा काय दोष, म्हणा.

रोंदोनिया हा ब्राझीलचा प्रांत नकाशावर मोठा करून पाहा. माशाच्या काट्यासारखी आकृती दिसेल. मधला कणा म्हणजे मोठा रस्ता, दोन्ही बाजूंचे काटे म्हणजे आडवे रस्ते, आणि त्यांच्या मधलं जंगल गेलेलं. अ‍ॅमेझॉनचा साधारण सहावा हिस्सा असा संपला आहे. थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे या दोन शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये इशारा दिला, की तोड २० ते २५ टक्क्यांवर गेली तर वाफेचं चक्र तुटेल आणि बराचसा भाग आपसूकच विरळ झाडांचं माळरान होईल. मग कुऱ्हाडीची गरजच उरणार नाही. हा आकडा नेमका किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण २०२३ मध्ये मनाउसला निग्रो नदी १९०२ पासूनच्या नोंदींतल्या नीचांकाला गेली आणि २०२४ मध्ये त्याच्याही खाली उतरली, यात वाद नाही. २०२३ च्या त्या उन्हाळ्यात तेफे तलावाचं पाणी ३९ अंशांच्या वर तापलं आणि दीडशेहून अधिक नदीतले डॉल्फिन मरून वर आले.

चांगली बातमीही द्यायला हवी, कारण ती खरी आहे. ब्राझीलच्या उपग्रह नोंदींनुसार २००४ मध्ये एका वर्षात २७,७०० चौरस किलोमीटरहून अधिक जंगल तोडलं गेलं होतं. २०१२ मध्ये ते ४,६०० च्या खाली आलं. उपग्रहावरून पाळत, दंड, आदिवासींच्या जमिनींना संरक्षण आणि बँकेच्या कर्जावर अटी, एवढ्यावर हे जमलं. सरकारं बदलली तसा आकडा पुन्हा चढला, २०२१ मध्ये १३,००० च्या वर गेला, आणि २०२४ मध्ये ६,३०० च्या आसपास उतरला. म्हणजे हे चाक माणसाच्या हातात आहे.

अ‍ॅमेझॉनकडे सगळं जग पाहत असतं. तिच्या आग्नेयेला सेराडो नावाचा वीस लाख चौरस किलोमीटरचा गवताळ, झुडपी प्रदेश आहे, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. वाकडीतिकडी, बुटकी झाडं, जाड साल, वणव्याची सवय. फोटोत दाखवण्यासारखं काही नाही, हेच त्याचं दुर्दैव. या झाडांची मुळं इतकी खोल जातात, की त्याला उलटं जंगल म्हणतात. पाणी जमिनीत मुरवायचं काम तीच करतात, आणि ब्राझीलच्या कितीतरी मोठ्या नद्या तिथूनच निघतात. निम्मा सेराडो आता शेतं आणि कुरणं झाला आहे.

त्याची कथा पुन्हा १९७२ ला जाऊन मिळते. पेरूची अँचोव्ही माणसं कमी आणि जनावरं जास्त खात होती, वाळवून, खाद्याच्या रूपात. ती संपल्यावर सोयाबीनच्या पेंडीला मागणी आली आणि भाव भडकले. १९७३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने सोयाबीनची निर्यात काही काळ रोखली. सोयाबीनवर जगणाऱ्या जपानने धसका घेतला आणि दुसरा पुरवठादार शोधायला सुरुवात केली. आम्ल मातीत चुना मिसळून सेराडोत सोयाबीन पिकवता येतं, हे ब्राझीलच्या कृषिसंशोधकांनी दाखवून दिलं. १९७९ पासून जपानच्या पैशाने तिथे मोठ्या शेतीचा कार्यक्रम सुरू झाला. पॅसिफिकचं पाणी कोमट झालं, आणि हजारो किलोमीटर दूर, डोंगरापलीकडच्या माळावर नांगर फिरला.

तोडलेल्या अ‍ॅमेझॉनवर पिकलेलं सोयाबीन घ्यायचं नाही, असं मोठ्या व्यापारी कंपन्यांनी २००६ मध्ये आपसांत ठरवलं. सेराडोसाठी तसं काही ठरलं नाही. भारत सोयाबीनचं तेल आयात करतो, ते मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. वाण्याकडून आणलेल्या एक लिटरच्या पिशवीवर भाव असतो, तारीख असते, जीवनसत्त्वं असतात. आतलं तेल पांपाच्या काळ्या मातीतलं, चाकोच्या तोडलेल्या रानातलं की सेराडोतलं, हे पिशवीवर कुठेच छापलेलं नसतं.